धुरपता आणि मशीनचं पाणी

माझी चहाची टपरी राईस मिलच्या फाटकासमोर आहे, केशोरीच्या रस्त्यावर. फाटकावर सेठनं हिरवं पान रंगवून घेतलंय, माणसाहून मोठं. पानावर पाण्याचा थेंब, आणि खाली लिहिलंय, ‘पाणी आमचं दैवत’. सकाळी स्टोव्ह पेटवला की पहिलं दर्शन त्या पानाचं होतं आणि माझ्या तोंडून पहिली शिवी जाते. गिऱ्हाईक म्हणतं, शांतीबाई, सकाळी सकाळी कायले तोंड खराब करता? मी म्हणते, तुला नाक नाही का रे? वास येऊन राहिला नाही तुला?

वास उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाचा. धान गरम पाण्यात भिजवतात, त्याला वाफ देतात, मग वाळवून कांडतात. भिजवलेलं पाणी उरतं ते पिवळं, चिकट, आणि एका दिवसात असं आंबतं की पोटातलं वर यावं. ते साफ करूनच बाहेर सोडायचं असा कायदा आहे. साफ करायच्या मोठमोठ्या टाक्याही मिलमध्ये आहेत. बांधल्या तेव्हा नारळ फोडला, पेढे वाटले. त्यांच्या मोटरला फार वीज लागते म्हणून ती बंद असते, हे मिलमधला हमालसुद्धा माझ्या बाकड्यावर बसून सांगतो. पाणी तसंच नाल्यानं जातं, आणि नाला आमच्या बोडीत, गावच्या तळ्यात.

आता मी मशीनच्या विरुद्ध आहे असं समजू नका. जुनी मिल होती तेव्हा भुसा उडून माझ्या दुधात पडायचा. दुर्गाप्रसाद सेठनं नवी मिल उभी केली, तो भुसा आता बॉयलरमध्ये जळतो. तांदळातला काळा दाणा मशीन उजेडात ओळखते आणि फुंकर मारून बाजूला करते. मी स्वतः पाहिलंय, पाहतच राहावं असं आहे. छपरावर सोलर आहे. सगळं चांगलं आहे हो! मग पाण्याशीच एवढी हरामखोरी कशाला करता? जिथं खरी मशीन लावली तिथं खोटेपणाची पण एक मशीन लावलीच पाहिजे का? आणि त्या खोटेपणाला माझ्या धुरपताला जुंपलं, ते मी विसरायची नाही.

धुरपता माझी जाऊ, चुलत दिराची, मनिरामची बायको. आम्ही कोहळी, तळी खोदणारी जात. बोडी आमच्याच वाडवडिलांनी खोदलेली, हे आमच्या टोल्यातलं, वस्तीतलं, शेंबडं पोरही सांगेल. बोडीची मातीची पाळ उतरली की धुरपताचं घर, आणि घरामागं तिची विहीर. बोडीचं पाणी जमिनीतून झिरपत झिरपत विहिरीत येतं, त्यामुळे वैशाखातसुद्धा बादली भरून वर यायची. त्या पाण्यात तुरीची डाळ चटकन शिजायची. लग्न कोणाचंही असो, स्वयंपाकाचं पाणी धुरपताच्या विहिरीचं. रिकामी घागर तिनं कोणाची परत पाठवली नाही. मात्र राखेनं न घासलेली बादली विहिरीत सोडली तर तिच्या तोंडाचा असा पट्टा सुरू व्हायचा की बाप्पा! सकाळी उठून पहिली बादली ती ओढायची, ओंजळभर पाणी तोंडात घोळवायची, मग म्हणायची, “भरा आता.”

तिच्या मुलाला, अश्विनला, लग्न होऊन बरीच वर्षं झाली तरी लेकरू नव्हतं. अश्विन नागपूरला कामाला, सून निशा इथंच सासूजवळ. शेवटी निशाला दिवस गेले आणि धुरपताच्या अंगात वारं शिरलं. आमच्याकडे बाळंतीण सव्वा महिन्यानं पहिल्यांदा घराबाहेर पडते ती विहीर पुजायला. हळद-कुंकू वाहते, आपल्या अंगावरच्या दुधाचे थेंब विहिरीत सोडते, म्हणजे विहीरही आटत नाही आणि आईही आटत नाही. मग पहिली घागर भरून घरात आणते. धुरपतानं स्वतः अश्विनच्या वेळी याच विहिरीत दूध सोडलं होतं. आता सुनेची पाळी. ती आल्यागेल्याला सांगायची, “माही निशा विहीर पुजल, पायजा तुमी.” सुनेच्या पोटाकडे जेवढं लक्ष, तेवढंच विहिरीकडे. पाला पडला की जाळीनं काढायची. कडेला कोणी थुंकलं तर त्याचं काही खरं नसायचं.

त्याच दिवसांत मिलमधला इंजिनियर हिमांशू तिच्या अंगणात आला. गोंदियाचा पोरगा, हिंदीच बोलतो, पायात पांढरे बूट. हातात पेनाएवढं यंत्र होतं. मिलच्या बोरचं पाणी त्यानं तपासलं, हँडपंपाचं तपासलं, माझ्या माठातलंसुद्धा तपासलं. धुरपताच्या बादलीत ते पेन बुडवलं आणि त्याचा चेहरा खुलला. “काकी, पूरे इलाके में आपका पानी नंबर वन है.”

कामाचं मग ठरलं. मिलमध्ये एक थंडगार खोली आहे. तिथं पाणी तपासायची एक दांडी आहे, तिला ते सेंसर म्हणतात. खरं तर ती दांडी मिलच्या घाण पाण्याच्या नालीत बुडालेली पाहिजे. दर मिनिटाला पाणी किती साफ आहे ते ती सांगते, आणि तो आकडा आपोआप वरच्या ऑफिसात जातो, सेठच्या फोनवर जातो, कुठं कुठं जातो. ह्या लोकांनी काय केलं? दांडी नालीतून काढली आणि निळ्या टपात ठेवली. टपात साफ पाणी. ते शिळं झालं, बुळबुळीत झालं की आकडा घसरतो, म्हणून रोज सकाळी ताजं पाणी बदलायचं. त्या कामाला धुरपता. तिच्या विहिरीचं पाणी, तिच्याच डोक्यावरून, आणि खोलीची किल्ली तिच्या कमरेला.

मी पहिल्याच दिवशी तिला म्हटलं, “धुरपता, हे लबाडीचं काम आहे व.”

“मी पानी देऊन राहिली बाई, पाप नाही करून राहिली,” ती म्हणाली. “मशीनले माह्याच विहिरीचा पानी आवडते, त्याले मी का करू?”

खरं सांगू? तिला त्याचा मान वाटत होता. एवढ्या लाखामोलाच्या मशीनला दुसरं कुठलं पाणी चालत नाही, ही गोष्ट तिनं टोलाभर सांगितली. आणि तिनं हिमांशूला विचारून घेतलं होतं, घाण पाणी आमच्या बोडीत तर जात नाही ना? तो म्हणाला, “नहीं काकी, बोडी के बाजू से आगे निकल जाता है.” छातीवर हात ठेवून म्हणाला. नाला कुठं जातो ते तिला काय दिसत नव्हतं? पण विहिरीवर जीव टांगलेला. तिनं त्याच्या शब्दावर भरवसा ठेवला, कारण न ठेवून तिला चालणार नव्हतं.

मग बाहेरचे व्यापारी मिल पाहायला आले. धुरपताला नवी साडी दिली, टपाजवळ उभं केलं. हिमांशूनं टपात स्टीलचा गिलास बुडवला आणि तिच्या हातात दिला. “काकी, पी के दिखाओ.” तिचंच पाणी ते, तिला कसली भीती? गटागटा प्यायली. वर म्हणालीही, “गोड आहे.”

पुढं तांदळाच्या पोत्यावर एक काळापांढरा चौकोन छापून येऊ लागला. एक ट्रकवाला माझ्या टपरीवर चहा पिता पिता फोन त्याच्यावर धरून बसला होता. एकदम ओरडला, “अरे, ये तो अपनी काकी है!” धुरपता तिथंच होती, लाजत लाजत पाहायला वाकली. फोनमध्ये ती गिलासभर पाणी पिऊन राहिली होती, आणि मागून कोणी बाई गोड आवाजात हिंदीत सांगत होती, हमारी मिल से निकला पानी इतना शुद्ध है कि गाँव की महिलाएँ भी पीती हैं. खाली त्या घडीचा आकडा, हिरवागार.

“हा त माह्या विहिरीचा पानी होय,” धुरपता हळूच म्हणाली.

ती तशीच उठून मिलमध्ये गेली. हिमांशू हसला म्हणे. पानी तो पानी है काकी, आपका फोटो पूरे इंडिया में जा रहा है. हे ऐकून माझ्या अंगावर शिसारी आली. एखाद्या बाईच्या विहिरीचं चांगलंपण चोरायचं, ते आपल्या घाणीवर चिकटवायचं आणि वर तिलाच सांगायचं की तुझं नाव झालं! मी म्हटलं, सोड हे काम. ती म्हणाली, “मी सोडलं त दुसरी कोनी आनल. अन् निशाच्या बाळंतपनाले पैसा लागते, बाई.”  

निशाला मुलगी झाली. टोल्यात गूळ वाटला. धुरपता नातीला घेऊन विहिरीजवळ बसायची आणि विहिरीला दाखवायची.

आणि इथं मला टोल्याचाच राग येतो. पाणी बिघडत चाललंय हे सगळ्यांना कळलं होतं. डाळ शिजेना. चहावर फेस धरू लागला. सकाळी घागरीवरचं झाकण काढलं की तोच मिलचा वास, बारीक, पण तोच. कोणी बोललं नाही. धुरपताच्या विहिरीला नाव ठेवायचं म्हणजे तिच्या तोंडावर तिच्या माहेराला शिव्या देण्यासारखं. बायका नेमानं यायच्या, घागर भरायच्या, “बरं आहे पानी” म्हणायच्या आणि घरी जाऊन परसात ओतून द्यायच्या. मग पलीकडच्या टोकाच्या हँडपंपावर लपून जायच्या. मी एकदा बोलले. धुरपतानं माझ्या हातातली घागर हिसकली. “नोको नेऊ मंग! पाला पडला असल. तुह्या जिभेले चहाची सवय, तुले पान्याची चव का समजते?” ती रोज ओंजळभर पाणी तोंडात घोळवायची, तिला कळलं नसेल का हो? पण माणूस आपल्याच घरच्या आजाऱ्याला मरायला टेकला असं म्हणत नाही.

जे कोणी बोललं नाही ते मशीन बोलली. एका सकाळी धुरपतानं टपात घागर ओतली, दांडी सोडली, आणि पडद्यावरचा आकडा लालभडक झाला. शिट्टी वाजू लागली. हिमांशू अर्ध्या दाढीला साबण लागलेला तसाच पळत आला. “कहाँ से भर लाई? बोडी से?” धुरपतानं नातीची शपथ घेतली, माझ्याच विहिरीचं म्हणाली. मग तो ते पेन घेऊन तिच्या अंगणात आला. मी तिथंच होते, ओसरीत निशाच्या डोक्याला तेल लावून राहिले होते. त्यानं बादली ओढायला लावली, पेन बुडवलं, पाहिलं, झटकलं आणि रुमालानं पुसून खिशात ठेवलं.

“अब से कुएँ का पानी मत लाना काकी. सेंसर खराब हो जाएगा.”

एवढंच. धुरपता दोर हातात धरून उभी. “मशीनले चालत नाही,” ती म्हणाली, “मंग आमाले चालते का?”

तो फोनमध्ये पाहून राहिला होता. “आप लोग उबाल के पी लीजिए,” म्हणाला आणि गेला. चिखल चुकवत, बूट जपत गेला. ज्यांनी विहीर मारली त्यांच्याच माणसाकडून तिला कळलं की विहीर मेली, आणि तेही मशीनच्या काळजीपोटी! घरात बाळंतीण आहे, तान्हं लेकरू आहे, त्यांचं काय, असा एक शब्द त्या पोराच्या तोंडून निघाला नाही. थू! माझ्या हातात तेलाची वाटी होती म्हणून, नाहीतर पायातली चप्पल त्याच्या पाठीत बसली असती.

मनिराम आणि टोल्यातले चार पुरुष मिलमध्ये भांडायला गेले. सेठ भेटला नाही. हिमांशूनं त्यांना खुर्च्या दिल्या, चहा दिला, आणि फोनमध्ये धुरपता पाणी पिते ते दाखवलं. “आपके ही घर की काकी पी रही हैं. और ये देखिए, आज का नंबर भी हरा है.” चहा पिऊन सगळे परत आले. मनिराम घरी न येता पाळीवर जाऊन बसला.  धुरपता जेवायला वाढून वाट पाहत राहिली.

त्याच दिवसापासून सेंसरसाठी गाडीनं जार येऊ लागले होते, शहरात लोक विकत घेतात ते बंद डब्यातलं पाणी. आणि धुरपता? ती कामावर जातच राहिली. रोज किल्ली उघडायची, जार टपात ओतायची, कुलूप लावून परत यायची. एकदा तिनं मागितलं, बाळंतीण आहे, एक जार द्या. हिमांशू म्हणाला, जार सेंसर के लिए हैं, गिनती के हैं. तरी ती जायची! मला मिलची किळस होतीच, आता तिचीही आली. मी तिच्याशी बोलणं टाकलं. निशासाठी पाणी मीच हँडपंपावरून आणून ठेवायची, तिच्याकडे न पाहता. एक दिवस तिनंच माझा पदर धरला. “सव्वा महिना होऊ दे बाई. मंग नाही जात.”

सव्वा महिना भरला. टोल्यातल्या बायका जमल्या. निशाला न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं, डोक्यावर घासलेली पितळी घागर दिली. लेकरू माझ्या हातात. सगळ्याजणी विहिरीवर गेलो. वास येत होता. कोणी नाकाला पदर लावला नाही, पण सगळ्याजणी तोंडानं श्वास घेऊन राहिल्या होत्या. धुरपतानं विहिरीच्या कडेला हळद-कुंकवाची बोटं ओढली, दिवा लावला, डोकं टेकवलं. बराच वेळ टेकवून होती. मग निशानं आमच्याकडे पाठ केली आणि दूध सोडायला विहिरीवर वाकली.

धुरपतानं तिचा हात धरला. “नोको व पोरी. ह्याच्यात नोको टाकू.”

 निशा रडायला लागली. एक म्हातारी पुटपुटली की पुजेविना परत जाणं बरं नाही, लेकराला बाधतं. धुरपतानं डोळे पुसले नाहीत, नाक तेवढं पदराला पुसलं. म्हणाली, “परत कोन जाऊन राहिला? चला माह्यासंग.”

आम्हाला वाटलं दुसऱ्या कोणाच्या विहिरीवर नेते. ती रस्ता ओलांडून सरळ मिलच्या फाटकात शिरली. फाटकावरचा गार्ड तिला रोज पाहणारा. “पूजा आहे,” म्हणाली, त्यानं हात जोडले. तिनं कमरेची किल्ली काढली, खोली उघडली आणि आम्हा सगळ्यांना आत घेऊन कडी लावली. आत काय गारवा हो! निळा टप, त्यात ती दांडी निवांत डुंबत होती. भिंतीशी जार रचलेले. माझ्या घरात पंखा नाही आणि हिला इथं एसी!

धुरपतानं टपाच्या काठाला हळदीची बोटं ओढली, कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडूचं फूल सोडलं. “टाक आता,” ती निशाला म्हणाली. “साऱ्या गावात साफ पानी आता एवढाच आहे.” निशानं पदर बाजूला केला आणि दुधाचे थेंब टपात सोडले. आम्ही सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले.

पडद्यावर लाल पेटलं. शिट्टी सुरू झाली ती थांबेना. बाहेर धावपळ झाली, दारावर थापा पडल्या. “काकी! दरवाजा खोलो! ऊपर रेड जा रहा है! सबको दिख रहा है!”

मी दार बोटभर उघडलं. “आत बाळंतीण पदर सोडून बसली आहे. यायचं आहे का तुला? ये.”

हिमांशू असा मागं सरला की गार्डवर आदळला. गार्डनं आधीच पाठ फिरवली होती. शिट्टी वाजत राहिली. आम्ही काही घाई केली नाही. जारांची बुचं काढली, निशाची घागर काठोकाठ भरली. मग ज्या ज्या बाईच्या हातात तांब्या, कळशी, जे होतं ते भरलं. शेवटचा जार रिकामा झाला तेव्हा धुरपतानं दार उघडलं.

हिमांशू घामानं भिजलेला, दोन्ही हातांत दोन फोन, दोन्ही वाजत होते. आत डोकावला तर टपात हळदीनं पिवळं झालेलं पाणी आणि भिंतीशी रिकामे जार. “काकी, ये मशीन का पानी था! अब मशीन में क्या डालूँ मैं?” पोरगा खरंच विचारत होता.

धुरपतानं किल्ली त्याच्या हातात ठेवली.

“माह्या विहिरीत पानी मोप आहे, भरून आना,” ती म्हणाली. “अन् उकळून पाजजा मशीनले.”

निशा घागर घेऊन पुढं झाली आणि आम्ही तिच्या मागं रस्ता ओलांडला.